पुढच्या काचेवरचे चरे: घासायचे, सोसायचे की काच बदलायची?

पारोळ्याच्या एका भाऊंनी विचारलंय. गाडी पाच वर्षांची, रोज पारोळा-जळगाव जाणं-येणं. पुढच्या काचेवर ड्रायव्हरच्या बाजूला, वायपर फिरतो त्या अर्धगोलात बारीक रेघाच रेघा, आणि त्यातली एक चांगली ठसठशीत. दिवसा चालून जातं, पण सूर्य समोर आला किंवा रात्री समोरून ट्रकचा दिवा पडला की काच दुधासारखी पांढरी होते. एक जण म्हणतो, पॉलिश करून नवी काच करून देतो. दुसरा म्हणतो, काचच बदला. मोबाइलवरच्या व्हिडिओत कुणीतरी टूथपेस्ट घासतंय. यातलं खरं काय, आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं?

मी जळगावात गाड्यांच्या काचांचंच काम करतो, बावीस वर्षं झाली. गाडी समोर नसताना पक्कं सांगता येत नाही हे आधीच कबूल करतो, पण घरी काय तपासायचं आणि त्यावरून काय ठरवायचं ते सांगतो.

भाऊ, तुमची खरी अडचण चरे नाहीत, उजेड आहे. चरा दिसायला वाईट दिसतो म्हणून काचेवर पैसे घालू नयेत; तो तुमच्या नजरेच्या वाटेत उजेड फोडतोय का, तेवढं बघायचं. आणि तुमच्या रस्त्याला हे दुखणं जरा जास्तच आहे. धुळे-जळगाव हायवे, म्हणजे जुना सहा नंबर आणि आताचा ५३, पूर्व-पश्चिम पळतो. सकाळी जळगावकडे निघालात की सूर्य तोंडावर, संध्याकाळी घरी वळलात की पुन्हा सूर्य तोंडावर. थंडीच्या दिवसांत तो खाली असतो, तेव्हा सनवायझरही पुरत नाही. हीच काच रोज धुळे-शिरपूर, म्हणजे दक्षिण-उत्तर रस्ता करणाऱ्याच्या गाडीला असती तर कदाचित त्याने प्रश्नच विचारला नसता.

आता तपासणी. माझ्याकडे "काच घासली गेली" म्हणून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांच्या काचेवर चरे नसतातच. अमळनेरकडचं एक गिऱ्हाईक आलं होतं. काचेवर पांढरे ठिपके आणि ओघळ, आरपार बघायला नको वाटावं असे. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "हाई काच बदलनी पडी का, भो?" मी ठिपक्यावरून नख फिरवलं. नख अडकलं, पण खाली उतरून नाही, वर चढून. चरा असेल तर नख खड्ड्यात पडतं. डाग असेल तर उंचवट्यावर चढतं. त्यांना विचारलं, गाडी कुठे धुता? शेतात, बोअरच्या पाण्याने, भर दुपारी. मग काय, पाणी उडून गेलं आणि क्षार काचेवर बसले. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये फडकं भिजवून पाच-सात मिनिटं काचेवर नुसतं चिकटवून ठेवलं, मग पुसलं. असं दोनदा केलं आणि ओघळ गेले. दोन-चार जुने ठिपके राहिले, कारण क्षार महिनोन् महिने उन्हात भाजले की काचेचा पृष्ठभागही थोडा खातात. पण काच बदलायचं कारण उरलं नाही.

तेव्हा पहिलं काम हे करा. काच सावलीत थंड होऊ द्या, भरपूर पाण्याने धुवा, व्हिनेगरने क्षार काढा, पुन्हा धुवा. डांबराचे शिंतोडे असतील तर थोडं रॉकेल किंवा थिनर फडक्यावर घेऊन तेवढ्या ठिपक्यालाच लावा, रंगावर आणि रबरावर जाऊ देऊ नका. कडुलिंबाखाली गाडी लावत असाल तर वरून पडलेला चिकट थरही याच धुण्यात निघेल.

दुसरं काम काचेच्या आतून. हे कुणी करत नाही आणि रात्रीच्या चकाकीचं निम्मं कारण पुष्कळदा इथेच सापडतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. बंद गाडीतला डॅशबोर्ड त्याहून कितीतरी जास्त तापतो. त्या प्लास्टिकमधून तेलकट वाफ निघते आणि पुढच्या काचेवर आतून बसते. त्यात कुणी डॅशबोर्डला चकाकी आणणारा स्प्रे मारत असेल तर विचारूच नका. बोट फिरवून बघा, पुसट रेघ उमटेल. स्वच्छ मायक्रोफायबर कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा काच पुसायचं साधं लिक्विड घेऊन पुसा, दुसऱ्या कोरड्या कापडाने लगेच ओढून घ्या. मग रात्री एक फेरी मारा. काही लोक इथेच फोन करून सांगतात, भाऊ, काम झालं.

एवढं करूनही रेघा राहिल्या तर त्या चरेच. आता त्यांची ओळख पटवायची. अंधारात गाडी उभी करून बाहेरून मोबाइलचा टॉर्च काचेवर तिरका धरा आणि आत ड्रायव्हरच्या सीटवर बसून बघा. दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळं दिसत असतील तर ती केसासारखी चरोटी आहे, धुळीवर वायपर कोरडा फिरवल्याची. सुटे सुटे चमकणारे ठिपके दिसत असतील तर ती वाळूची टोचण, हायवेवर वर्षानुवर्षं खाल्लेली. आडवे-उभे ओरखडे असतील तर वायपर निर्दोष आहे, दोष फडक्याचा आणि पुसणाऱ्या हाताचा.

तुमची ती ठसठशीत रेघ मात्र वायपरच्याच गोलाईत आहे. तिचा गुन्हेगार पकडता येतो. काच ओली करा, वायपर चालू करून ब्लेड त्या रेघेवर आलं की चावी बंद करा, म्हणजे ते तिथेच थांबेल. ब्लेडचा कुठला भाग रेघेवर टेकलाय तिथे खडूने खूण करा आणि ब्लेड उचलून बघा. एकतर तिथलं रबर फाटून आतली पत्र्याची पट्टी उघडी पडलेली असेल, नाहीतर रबरात वाळूचा एखादा कण रुतून बसलेला असेल. काहीही असलं तरी ते ब्लेड आजच काढून टाका. हे न करता जो काच पॉलिश करून घेतो त्याच्या काचेवर पहिल्याच पावसात नवी रेघ त्याच जागी उमटते.

आता पॉलिशचं बघू, कारण इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. चरा भरून निघत नाही, काच म्हणजे भिंत नव्हे की लांबी लावली आणि रंग दिला. शेतात नांगराची एक खोल चर पडली आहे आणि बाहेरून माती आणायची नाही, असं समजा. मग शेत सपाट करायचा एकच मार्ग उरतो: आजूबाजूचं सगळं शेत चरीच्या तळापर्यंत खाली उतरवायचं. काचेचं पॉलिश म्हणजे हेच. चरा जितका खोल, तितकी भोवतालची काच खरवडायची. आणि थोड्याच जागेत खोल खरवडलं की तिथे खळगा होतो. खळगा झालेली काच म्हणजे भिंग. त्यातून रस्ता हलतो, पांढरा पट्टा वाकतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. धंद्यात नवीन होतो तेव्हा एका जीपच्या काचेवरचा नखात अडकणारा चरा मी हट्टाने काढला. दोन तास घासला. चरा गेला, गिऱ्हाईक खूश, मी त्याहून खूश. तिसऱ्या दिवशी माणूस परत आला. म्हणाला, "एक दिवाना दोन दिवा दिखतस," म्हणजे एका दिव्याचे दोन दिवे दिसतात. मी आत बसून बघितलं. समोरचा विजेचा खांब, डोकं जरा हलवलं की मधूनच वाकत होता. बरोब्बर त्याच जागी. नवी काच माझ्या पैशाने बसवून दिली. तेव्हापासून ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर नखात अडकणारा चरा असेल तर मी मशीनला हात लावत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

नख अडकत नाही, पण उजेडात दिसतं, अशा चरोटीवर मात्र पॉलिशचा उपयोग होतो. त्यासाठी लागते सेरियम ऑक्साइडची पावडर, फिकट गुलाबी-तपकिरी किंवा पांढरट. चष्म्याची भिंगं आणि आरसे घासणारे हीच वापरतात. पाण्याबरोबर ती काचेच्या वरच्या थरावर रासायनिक कामही करते, नुसती घासत नाही. म्हणून पाण्याशिवाय तिचा काही उपयोग नाही. दाटसर ताकासारखी कालवायची. मशीनला नमद्याचा म्हणजे फेल्टचा पॅड लावायचा, वेग कमी ठेवायचा, आणि मशीन एका जागी थांबू द्यायचं नाही. आतून काचेवर टेपचे तुकडे लावून हद्द आखून घ्यायची. मी रेघेच्या दोन्ही बाजूंना चांगली वीतभर जागा हळूहळू उतरती घेतो, म्हणजे खळग्याची कडा राहत नाही. मिनिटा-दोन मिनिटांनी थांबून हाताचा तळवा टेकवायचा. कोमट लागली तर ठीक, गरम लागली तर मशीन खाली. पाण्याची पिचकारी सतत हातात.

तापण्याची एवढी भीती का? पुढची काच दोन काचांची मिळून असते. प्रत्येक पाखी साधारण दोन मिलिमीटरची, मध्ये पाऊण मिलिमीटरचा प्लास्टिकचा चिवट पापुद्रा. म्हणून दगड लागला तरी ती फुटून अंगावर येत नाही, जाळीसारखी तडकून तिथेच राहते. दारांच्या काचा वेगळ्या, त्या भट्टीत तापवून कडक केलेल्या असतात आणि फुटल्या की दाणे दाणे होतात. पुढच्या काचेला ते कडकपण दिलेलं नसतं. तिचा एक तळहाताएवढा तुकडा गरम आणि बाकीची थंड झाली, की तडा गेलाच म्हणून समजा. म्हणून उन्हाळ्यात हे काम मी सकाळी आठच्या आत करतो. एप्रिल-मे मध्ये दुपारी बारा वाजता कुणी उघड्यावर काच पॉलिश करून देतो म्हणाला तर गाडी वळवा. याच कारणाने, काचेला कुठे दगडाचा छोटा टवका पडलेला असेल तर तापलेल्या काचेवर गार पाण्याची बादली ओतू नका, आणि थेट काचेवर फुल एसीही सोडू नका.

पॉलिश कुणाकडून करून घेतलंत तर पैसे देण्याआधी एक परीक्षा घ्या. ड्रायव्हरच्या सीटवर बसा, समोर विजेचा खांब किंवा विटांची भिंत ठेवा, आणि डोकं सावकाश डावी-उजवीकडे हलवा. सरळ रेघ सरळच राहिली पाहिजे. ती पाण्यातल्या काडीसारखी थरथरली, तर चरा गेला पण काचही गेली.

टूथपेस्टचं म्हणाल तर तिने नुकसान होत नाही आणि चराही जात नाही. तिच्यात बहुधा चुनखडीची पूड असते, ती काचेपेक्षा मऊ. मळ निघतो, पांढरी भुकटी रेघेत बसते, व्हिडिओपुरती रेघ दिसेनाशी होते. एकदा पाऊस पडला की परत. मग लोक व्हिडिओ बघून का फसतात? कारण त्यांनी हेडलाइटची काच तशी उजळलेली बघितलेली असते. पण हेडलाइटची ती काच नव्हेच, ते प्लास्टिक, पॉलिकार्बोनेट. त्याला पॉलिश पेपर आणि पॉलिश चालतं. तोच पॉलिश पेपर पुढच्या काचेला लावलेले दोन महाभाग माझ्याकडे येऊन गेलेत. दोघांच्याही काचा बदलाव्या लागल्या.

दगडाने पडलेल्या टवक्याला किंवा चांदणीला वेगळा इलाज आहे. त्यात हवा ओढून पातळ रेझिन सोडतात आणि अल्ट्राव्हायोलेट दिव्याने ते घट्ट करतात. रुपयाच्या नाण्याएवढी चांदणी असेल, कडेपासून लांब असेल आणि ताजी असेल तर काम चांगलं होतं. खूण राहते, पण तडा पुढे पळत नाही. टवका पडला की धूळ-पाणी जायच्या आत त्यावर सेलोटेप चिकटवून गाडी आणा. लांब चऱ्याला मात्र हे रेझिन चालत नाही. वायपर ते उचकटून काढतो.

तुमच्या काचेबद्दल माझा अंदाज असा. बारीक चरोटी पॉलिशने बरीच कमी होईल. ठसठशीत रेघ नखात अडकत असेल तर बघा ती कुठे आहे. स्टिअरिंगच्या समोर, डोळ्यांच्या रेषेत असेल तर काच बदला. खाली बॉनेटच्या कडेजवळ असेल तर तशीच राहू द्या, फक्त आणखी खोल होऊ देऊ नका. एक मात्र लक्षात घ्या, खोल चरा काचेला कमजोरही करतो. काचवाला कटरने काचेवर एक हलकी रेघ मारतो आणि चापट मारली की काच त्याच रेघेवर तुटते, ते बघितलंय ना? तसंच.

काच बदलायची ठरली तर दोन-तीन गोष्टी. काचेच्या कोपऱ्यातली छपाई वाचा. भारतीय मानकाचा आयएस २५५३ हा आकडा आणि आयएसआयचा शिक्का तिथे असायला हवा. पुढची काच थर असलेलीच लागते, हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे, आणि तिच्यातून किमान ७० टक्के उजेड आत आला पाहिजे. "वरून थोडी फिल्म मारून देतो, चकाकी कमी होईल" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये काचेवरच्या फिल्मवर बंदी घातली होती, आणि रात्री त्या फिल्ममधून आपल्यालाच कमी दिसतं. जुनी काच काढताना चौकटीचा रंग खरचटला तर तिथे प्रायमर लावायला सांगा, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंज आणि मग आत गळती. चिकटवणारा सीलंट वाळायला वेळ लागतो. मी गाडी रात्रभर ठेवून घेतो. पुढचा एक दिवस एखादी काच बोटभर उघडी ठेवा, नाहीतर दार आपटलं की आतल्या हवेचा दाब ओल्या सीलंटवर येतो. आरशामागे कॅमेरा असलेली गाडी असेल तर तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, त्याचा खर्च आधी विचारा. आणि जुन्या काचेवरचा फास्टॅग काढला की निकामी होतो. काच बदलायच्या आधीच नवा मागवून ठेवा. काच बदलली आणि सबगव्हाणच्या टोलला अडकलो, असे फोन मला येतात.

विम्याचं: झिजून पडलेले चरे विम्यात बसत नाहीत. दगड लागून काच तडकली तर बसते, आणि काचेवर घसारा कापत नाहीत. पण अनिवार्य कपात असते, १५०० सीसीपर्यंतच्या कारला १००० रुपये आणि त्यावरच्या कारला २०००. शिवाय क्लेम न केल्याचा बोनस, जो २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढत जातो, तो जाऊ शकतो. छोट्या गाडीच्या काचेसाठी मोठा बोनस घालवलेली माणसं मी बघितली आहेत. आधी एजंटला बेरीज-वजाबाकी करायला लावा.

आता पुन्हा चरे पडू नयेत म्हणून. मुळातली गोष्ट एवढीच की काचेपेक्षा गारगोटी कठीण. खनिजांच्या कठीणपणाच्या मापात काच साडेपाचच्या आसपास, गारगोटी सातच्या. आपल्या गिरणेच्या वाळूत, रस्त्याच्या धुळीत हे कण असतातच. काचेवर नुसते बसून राहिले तर काही करत नाहीत. त्यांच्यावर दाब देऊन कुणी ओढलं की कटर तयार. म्हणजे ओढणारे दोघेच, वायपर आणि फडकं. दोघांनाही एकच नियम लावा: आधी पाणी, मग हात.

सकाळी गाडी काढताना काचेवर रात्रभराची धूळ असते. आपण काय करतो? वायपरचा दांडा खाली ओढतो. बारीक पिचकारी उडते, धुळीचा चिखल होतो, दोन फेऱ्यांत काच "साफ". त्याच दोन फेऱ्या रोज. पाच वर्षांत किती झाल्या, मोजा. त्यापेक्षा एक लिटरची बाटली गाडीतच ठेवा, काचेवर वरून सोडा, मग वायपर. गाडी पुसायला माणूस येत असेल तर त्याची बादली बघा. चाकं पुसलेलं फडकं त्याच पाण्यात बुचकळून काचेवर येतंय का? मी आमच्याकडच्या पोराला काचेसाठी वेगळं, वेगळ्या रंगाचं कापड दिलंय. ते चाकाला लागलं की काचेसाठी बाद.

वॉशरच्या टाकीत काय भरताय तेही बघा. घरी आरओ लावलेलं असेल आणि त्याचं वाया जाणारं पाणी टाकीत भरत असाल, तर तो काटकसरीचा उद्योग बंद करा. आरओ गोड पाणी वेगळं करतो म्हणजे क्षार कुठे जातात? त्याच वाया जाणाऱ्या पाण्यात. चांगलं फिल्टरचं पाणी भरा, त्यात वॉशरचं लिक्विड. कपड्यांची पावडर टाकू नका, थर बसतो आणि पिचकारीची भोकं बुजतात. बुजलेली भोकं टाचणीने मोकळी होतात.

वायपरचं रबर आपल्या हवेत वर्षभर टिकलं तरी पुष्कळ. पण ते कधी बदलायचं, यात बहुतेकांचं चुकतं. मार्चमध्ये सर्व्हिसिंगला गाडी दिली की तिथे नवीन ब्लेड घालून देतात. ते एप्रिल-मे काचेवर पडून भाजतं आणि जूनमध्ये पाऊस येईपर्यंत लाकूड झालेलं असतं. मी म्हणतो, मे संपू द्या, पहिल्या ढगांबरोबर ब्लेड घाला. मध्ये दर पंधरा दिवसांनी ब्लेड उचलून रबराची धार ओल्या कापडाने पुसा. काळी रेघ कापडावर येईल, कण निघून जातील. उन्हात वायपर उभे करून ठेवायची लोकांना सवय आहे. रबर वाचतं हे खरं, पण आपल्याकडची वावटळ किंवा गल्लीतलं एखादं पोर तो दांडा खाली पाडतं. ब्लेडसकट पडला तर एखादवेळी निभावतं, ब्लेड काढलेलं असताना नुसता लोखंडी दांडा पडला तर काच तडकते. म्हणून ब्लेड बदलताना काचेवर घडी केलेला टॉवेल टाकायचा, हे माझ्या दुकानात नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतो.

सणाचंही एक सांगतो. दसऱ्याला गाडीला हार घालतो आणि त्याचं टोक वायपरला गुंडाळतो. हाराला बारीक तार असते. फुलं वाळून गळतात, तार राहते, आणि आठ दिवसांनी कुणीतरी वायपर चालवतं. दसऱ्यानंतरच्या पंधरवड्यात माझ्याकडे अशी एखादी गाडी येतेच. हार बॉनेटवर ठेवा, आरशाला बांधा, वायपरला नको. स्टिकर काढायचे तर साबणाच्या पाण्याने भिजवून, नवं पातं अगदी आडवं धरून. नाण्याने खरवडू नका.

हायवेवर वाळूच्या डंपरमागे किंवा दीपनगरच्या वीजकेंद्राकडून राख घेऊन येणाऱ्या गाडीमागे चिकटून चालू नका. ताडपत्री नीट बांधलेली नसली की ते कण तुमच्या काचेवर येतात, आणि तुमच्या वेगामुळे ते नुसते बसत नाहीत, आदळतात. मागे राहा, नाहीतर रस्ता मोकळा बघून ओलांडून जा.

काचेला सिरॅमिक कोटिंग करून घेऊ का, हेही लोक विचारतात. पाणी छान ओघळतं, पावसात बरं दिसतं, मीही करून देतो. पण त्याच्या जाहिरातीतलं "९ एच" हे पेन्सिलच्या कठीणपणाचं माप आहे. गारगोटीशी त्याचा संबंध नाही, आणि कोटिंगवाल्या काचेवर धूळ असताना कोरडा वायपर फिरवला तर चरा पडतोच.

तर भाऊ, या रविवारी एवढं करा: व्हिनेगर, आतून अल्कोहोल, रात्री टॉर्च, आणि ठसठशीत रेघेवर नख. ब्लेडवर खूण केलेल्या जागी काय सापडलं त्याचा आणि रेघेचा फोटो पाठवा. रेघेचा फोटो बाहेरून नको, ड्रायव्हरच्या सीटवर बसून, तुमच्या डोळ्याच्या उंचीवर मोबाइल धरून काढा.